मुक्कामाचं विमान

एसटीने फिरलेल्या माणसाला मुक्कामाची गाडी समजावून सांगावी लागत नाही. रात्रीची शेवटची फेरी करून ती गावात थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे ती तालुक्याला निघते. गाडी ज्या गावी मुक्कामी असते, तिथला माणूस कचेरी उघडायच्या आत तालुक्याला पोचतो. बाकीच्या गावांनी तालुक्याहून गाडी येईल आणि परत फिरेल तोवर वाट बघायची. विमान कंपनीत कुठलं शहर धरायचं आणि कुठलं सोडायचं यावर कितीही तक्ते मांडले, तरी चर्चा शेवटी याच प्रश्नावर येते: विमान रात्री झोपणार कुठे?

हा अनुभव नोव्हेंबर २०२५ मधल्या एका दिवसाचा आहे. कंपनीचं नाव आणि आतले आकडे देत नाही. वेळा थोड्या सरकवल्या आहेत, पण हिशेबाची जात तीच आहे.

वेळापत्रकाचे हंगाम दोन. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. २९ मार्च २०२६ पासूनच्या उन्हाळी वेळापत्रकासाठी आमच्याकडे एक ए-३२० निओ विमान मोकळं होत होतं, १८६ आसनांचं. ते नागपूरला मुक्कामी ठेवावं असा प्रस्ताव होता आणि मुंबईच्या स्लॉटची, म्हणजे ठरावीक वेळी तिथे उतरण्या-उडण्याच्या परवानगीची, मागणी ऑक्टोबरमध्येच गेली होती.

नागपूरच का, याचं उत्तर नकाशात शोधू नये. शहराच्या मधोमध झिरो माइलचा दगड असल्यामुळे नागपूर हे देशाचं नैसर्गिक हब, म्हणजे विमान बदलून पुढे जायचं मध्यवर्ती ठिकाण आहे, असं पत्र कुठल्या ना कुठल्या व्यापारी संघटनेकडून दर हंगामात येतं. सोबत नकाशा आणि चार दिशांना काढलेल्या रेघा. गंमत म्हणजे हे एकेकाळी प्रत्यक्षात होतं. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. फेडएक्सने मेम्फिसमध्ये हाच प्रकार सुरू केला तो १९७३ मध्ये.

पण टपालाची थैली मध्यरात्री कुरकुर करत नाही. मुंबई ते कोलकाता हवाई अंतर साधारण १,६६० किलोमीटर आहे. नागपूरमार्गे गेलं तरी ६९० अधिक ९७०, म्हणजे वळसा जवळजवळ शून्य. वेळ मात्र थेट विमानाला दोन तास चाळीस मिनिटं, आणि नागपूरला उतरून, पन्नास मिनिटं थांबून, दुसऱ्या विमानाने गेलं तर चार तासांच्या वर. शिवाय चढाईचं इंधन दोनदा जाळायचं, विमानतळाचं शुल्क दोनदा भरायचं. थेट तिकीट उपलब्ध असताना प्रवासी हे करेल तर तिकीट खूपच स्वस्त असल्यावर, आणि तेवढं स्वस्त तिकीट आपल्याला परवडत नाही.

हबच्या बाजूचं गणितही सांगायला हवं, कारण ते खरोखर मोहात पाडतं. सहा शहरं एका हबला जोडली की हबच्या स्वतःच्या सहा जोड्या होतात आणि त्या सहा शहरांच्या आपसातल्या आणखी १५. सहा मार्ग चालवून २१ बाजारपेठा. त्यासाठी सहाही विमानं पाऊण तासाच्या आत उतरली पाहिजेत, सहांना एकाच वेळी उभं राहायला जागा पाहिजे आणि सामान बदलून ती पुन्हा एकदम सुटली पाहिजेत. त्या वेळेपुरते कर्मचारी दुप्पट लागतात आणि उरलेला दिवस ते बसून असतात. एक विमान उशिरा आलं की पाच जणांनी थांबायचं की नाही हे रोज ठरवावं लागतं. अमेरिकन एअरलाइन्सने २००२ मध्ये शिकागो आणि डॅलसच्या अशा, एकदम उतरून एकदम सुटणाऱ्या विमानांच्या, लाटा सपाट केल्या, त्या याच खर्चापायी.

आणि मुख्य अट ही की हबला स्वतःचे प्रवासी भरपूर हवेत. विमानाच्या निम्म्या खुर्च्या स्थानिक माणसांनी भरल्या तर जोडप्रवासी, म्हणजे तिथे विमान बदलून पुढे जाणारे, ही वरची मलई. सगळेच जोडप्रवासी असतील तर प्रत्येक जण दोन खुर्च्या अडवतो आणि पैसे दीडीनेही देत नाही. नागपूरमधून खरे जोडप्रवासी कोण, तर पुणे-रायपूर किंवा गोवा-जबलपूरसारख्या, थेट विमान नसलेल्या किंवा जेमतेम असलेल्या जोड्या. तेवढ्यावर लाट उभी राहत नाही. गल्फमधल्या कंपनीला नागपूर परवडतं, कारण तिचं हब दोहा किंवा शारजा आहे आणि नागपूर हे तिच्या चाकाच्या एका आरीचं टोक.

म्हणून प्रस्ताव हबचा नव्हता, मुक्कामाचा होता. नागपूरकराला सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी यायचं असतं. विमान मुंबईला झोपलं तर ते सकाळी नागपूरला येऊन साडेआठच्या सुमारास परत निघतं आणि दहा वाजता मुंबईत उतरतं. वांद्रे-कुर्ला संकुलात पोचेपर्यंत साडेअकरा. या माणसाचा दुसरा पर्याय दुसरी विमान कंपनी नाहीच, रात्रीची दुरांतो आहे. तिच्यात तो झोपून जातो, हॉटेलचा खर्च वाचवतो आणि सकाळी मुंबईत असतो. मागणीचा अंदाज काढताना डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, मासिक आकडे आणि ट्रॅव्हल एजंटांकडचं बुकिंग आपण बघतोच, पण अशा मार्गावर एसी टू-टियरची प्रतीक्षायादी जास्त बोलते. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यानंतर नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरची वाहतूक रस्त्याकडे किती सरकेल हा वेगळा प्रश्न होता. नागपूर-मुंबई सात-आठ तास गाडी चालवणारा माणूस तसाही आमच्या पहिल्या विमानाचा गिऱ्हाईक नव्हता.

मागणीत आम्ही मांडलेलं रोटेशन, म्हणजे विमानाची दिवसभराच्या फेऱ्यांची साखळी, असं होतं. नागपूरहून ०६:३५ ला निघून मुंबई ०८:१०, तिथून ०८:५० ला परत, नागपूर १०:२०. मग बेंगळुरू, जाऊन-येऊन १५:००. मग पुणे, जाऊन-येऊन १८:४०. शेवटी १९:१५ ला पुन्हा मुंबई, २०:५० ला उतरून २१:३० ला परत, २३:०० ला नागपूर. आठ सेक्टर, म्हणजे आठ उड्डाणं, हवेत आणि जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्यात मिळून सव्वाबारा तास. विमानाचं भाडं डॉलरमध्ये महिन्याच्या महिन्याला जातं, उडो वा न उडो. सव्वाबारा तासांनी महिन्याला साधारण ३६७ तास होतात आणि भाडं तितक्यांत विभागलं जातं. दिवसाचे साडेदहा तासच चाललं तर ३१५ तासांत. या एका फरकात बारीक नफ्याचे मार्ग तोट्यात जातात.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला स्लॉटवाटपाचा मेल आला. पुणे मिळालं होतं. लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं, त्यामुळे धाकधूक तिथे जास्त होती. मुंबईचं मात्र ०८:१० च्या जागी ११:२५ आलं आणि २०:५० च्या जागी २३:५५.

मुंबईबद्दल हे समजून घ्यावं लागतं की तिथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला ४६ उड्डाण-अवतरणं होत होती, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये ४४ वर आणली गेली. जुन्या कंपन्यांनी मागच्या हंगामात आपला स्लॉट ८० टक्के वापरला की तो पुढच्या हंगामाला त्यांचाच. उरलेलं नव्यांनी वाटून घ्यायचं. सकाळी आठचं काही उरतच नाही. आणि स्लॉटला विमानाचा आकार कळत नाही. ७८ आसनांचं एटीआर उतरो की २३२ आसनांचं ए-३२१, खर्च होतो एकच स्लॉट. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशी विमानाला लँडिंग शुल्क माफ आहे, पण मुंबईत अडचण शुल्काची नसून जागेची आहे. जळगाव, नांदेड, कोल्हापूरला मुंबईचं सोयीचं विमान का मिळत नाही, याचं निम्मं उत्तर या ओळीत आहे. उरलेलं निम्मं धावपट्ट्यांच्या लांबीत.

११:२५ ला मुंबईत उतरणारं विमान नागपूरला मुक्कामी ठेवण्याचं कारणच उरत नाही. सकाळी बेंगळुरू करून मग मुंबई करावी असं कुणीतरी सुचवलं. वेळ जुळत होती, पण प्रस्ताव ज्या माणसासाठी होता तो त्यातून गायब होत होता.

नवी मुंबईचा विषय निघणारच होता. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं होतं, प्रवासी उड्डाणं पुढे २५ डिसेंबरला सुरू झाली. तिथे सकाळचा स्लॉट मागितला तर मिळण्यासारखा होता. ठाणे, पनवेल, कळंबोलीच्या माणसाला ते बरं, आणि अटल सेतूमुळे दक्षिण मुंबईही आवाक्यात. पण आमच्या मुंबईच्या विमानांत उतरून पुढे जाणारे जे प्रवासी असतात, ते सांताक्रूझहून पुढे जातात. एका शहरात दोन विमानतळ झाले की आपलं हब मधोमध कापलं जातं. दाबोळी आणि मोपा यांच्यात विमानं वाटताना गोव्यात कंपन्यांना काय कसरत करावी लागली ते ताजं होतं. हा पर्याय बाजूला ठेवला, फेटाळला नाही.

उरला घरातला स्लॉट. स्लॉट मार्गाला बांधलेला नसतो. मुंबईत आपल्या नावावर असलेला सकाळचा स्लॉट आज अहमदाबादला वापरला, तर पुढच्या हंगामात नागपूरला वापरता येतो. त्यामुळे अशा विमानतळावर प्रश्न ‘हा मार्ग फायद्यात आहे का’ असा विचारायचा नसतो. प्रत्येक मार्ग दर स्लॉटमागे किती मिळवतो हे लावायचं आणि सगळ्यात खालच्याकडे बघायचं. मिळवतो म्हणजे तिकीट आणि मालवाहतुकीच्या पैशांतून इंधन, विमानतळ, नॅव्हिगेशन, क्रूचा भत्ता असं त्या फेरीमुळेच होणारं सगळं वजा करून जे राहतं ते. कार्यालयाचं भाडं आणि साहेबांचे पगार यात धरायचे नाहीत. ते फेरी रद्द केली तरी जातातच.

अहमदाबादहून सकाळी मुंबईला येणारी आमची दोन विमानं होती, एक ०७:१० ला उतरणारं, दुसरं ०८:४० ला उतरून ०९:२० ला परतणारं. दुसऱ्यात स्थानिक माणसं कमी आणि पुढे जाणारी जास्त. यादीत खालून दुसरा क्रमांक. सर्वात खालच्याला हात लावता येत नव्हता, कारण तो डीजीसीएच्या मार्गवाटप नियमांमुळे चालवावा लागणाऱ्या कोट्यातला होता: महानगरांना जोडणाऱ्या मार्गांवर जितकी क्षमता लावाल, त्याच्या १० टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि बेटांना लावलीच पाहिजे. कागदावर असा मार्ग तोट्यात दिसतो, पण मुंबई-दिल्ली चालवायची ती किंमत आहे.

मग अदलाबदल सुचली. अहमदाबादला आज मिळालेलं ११:२५ द्यायचं आणि नागपूरला त्याचं ०८:४०. अहमदाबादचे दहाच्या सुमारास गल्फला जाणारे जोडप्रवासी तुटतात, दुपारच्या विमानांचे नवे जुळतात. ०७:१० चं विमान राहतंच, त्यामुळे धंदेवाला माणूस जात नाही.

इथे एक प्रश्न नेहमी विसरला जातो: ज्या विमानाची सकाळ काढून घेतली ते करणार काय? अहमदाबादला मुक्कामी असलेलं ते विमान आता १०:०५ पर्यंत मोकळं होतं. जमिनीवर उभं विमान म्हणजे भाडं चालू आणि मीटर बंद. ०६:१५ ला जयपूर, जाऊन-येऊन ०९:३०, मग ३५ मिनिटांत मुंबईला, असं बसलं. जयपूर कुणाच्या यादीत नव्हतं. बऱ्याच शहरांना विमान असंच मिळतं, दुसऱ्या कुणाच्या रोटेशनमध्ये पडलेल्या भोकामुळे. तिथले लोकप्रतिनिधी श्रेय घेतात, घेऊ देत.

दुपारी दोनला क्रू प्लॅनिंगच्या मॅडम आल्या. मला वाटलं होतं ०६:३५ चं ०७:०५ झालं म्हणून नाराजी असेल. झालं उलटंच. १ नोव्हेंबरपासून वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम पूर्ण लागू झाले होते आणि त्यांत रात्र म्हणजे १२ ते सकाळी ६. आधी ती पाचला संपायची. ०६:३५ च्या विमानाचा क्रू तासभर आधी, ०५:३५ ला हजर होतो, म्हणजे त्याची ड्यूटी रात्रीला शिवते आणि त्याला दोनच लँडिंग करता येतात: मुंबई आणि परत नागपूर. आठ सेक्टरांना मग तीन क्रू लागतात. एका क्रूमध्ये दोन वैमानिक आणि चार केबिन क्रू. तीन क्रू म्हणजे रोज अठरा माणसं, तीही आपला तळ नसलेल्या गावात, हॉटेलात. ०७:०५ ला निघालं की हजेरी ०६:०५ ला, रात्र संपलेली, आणि पहिला क्रू मुंबई व बेंगळुरू मिळून चार लँडिंग करून दुपारी मोकळा होतो. दुसरा क्रू उरलेली चार करतो. अर्ध्या तासाच्या सरकण्यात एक आख्खा क्रू वाचला. ऑक्टोबरमध्ये मागणी पाठवताना हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

पण त्याच मॅडमनी रोटेशनचं दुसरं टोक मोडलं. अर्धा तास सरकल्यावर संध्याकाळचं मुंबई २१:२० झालं आणि नागपूरला परत २३:३०. दुसऱ्या क्रूची चारही लँडिंग मध्यरात्रीच्या आत संपायला हवीत. मुंबईत रात्री धावपट्टीसाठी रांगेत अर्धा-पाऊण तास जाणं ही रोजची गोष्ट. तसं झालं की ड्यूटी रात्रीत शिरते, चौथं लँडिंग नियमाबाहेर जातं, क्रू विमानातून उतरतो. विमान मुंबईत अडकतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ०७:०५ ला नागपूरला विमानच नसतं. मुक्कामाच्या गावाचं हेच दुखणं आहे: तिथे राखीव विमान नाही, राखीव क्रू नाही. पहिल्या वैमानिकाला ताप आला तरी तेच. एसटीचा मुक्कामी चालक आजारी पडला की आख्खं गाव थांबतं, तसं.

२१:२० चा स्लॉट तसाही हातात नव्हता. त्या जागी हैदराबाद बसवलं: नागपूरहून १९:४५, २०:५५ ला उतरून २१:२५ ला परत, २२:३५ ला नागपूर. मध्यरात्रीपर्यंत ८५ मिनिटांची सवड. हवेतला वेळ सव्वाबारावरून साडेअकरा तासांवर आला, महिन्याला २२ तास गेले. आणि सकाळी मुंबईला नेलेल्या माणसाला संध्याकाळी परत आणायला उरलं आमचं आधीचंच १७:५० चं विमान. वांद्र्याहून चारला निघावं लागेल. जाऊन-येऊन एका दिवसात जमतं म्हणूनच हा माणूस जास्त पैसे देतो. परतीचं अर्धं तुटलं की भाड्यातली वाढ अर्धी होत नाही, बहुतेक सगळीच जाते. वित्त विभागाने नेमकं यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. सरासरी भाडं कमी धरून हिशेब पुन्हा लावला. फेरीचा खर्च निघून विमानाचं भाडं कसंबसं निघत होतं, वर काही नाही. तीन महिने चालवून बघायला मंजुरी मिळाली.

मग बारीक कामं. नागपूरला रात्री उभं राहायला जागा. रात्रपाळीला परवानाधारक इंजिनिअर, कारण रोजची तपासणी तिथेच होणार. एक सुटं चाक आणि एक ब्रेक तिथे ठेवायचा. सकाळी मुंबईहून चाक मागवायचं तर ते आपल्याच पहिल्या विमानाने येणार, आणि तेच चाकाअभावी उभं. क्रूसाठी हॉटेल विमानतळापासून अर्ध्या तासाच्या आत. मे महिन्यात ४५ अंशांत नागपूरची ३,२०० मीटरची धावपट्टी पुरते. पुण्याची अडीच किलोमीटरच्या आसपासची, शिवाय गाव उंचावर. पण नागपूरपर्यंतचं इंधन कमी लागतं, म्हणून संध्याकाळी पाचच्या उन्हातही वजन कापावं लागत नाही, असं परफॉर्मन्स विभागाने तक्ते बघून कळवलं. हिवाळ्यात पुढे चालू ठेवलं तर पहिलं विमान दिल्लीला लावू नये, ही नोंद मी तेव्हाच करून ठेवली. धुक्यात अडकलं तर आठही सेक्टर त्याच्यामागे सरकतात.

संध्याकाळी सातला मुंबईच्या स्लॉट समन्वयकांना उत्तर गेलं. ही भाषा एकेका अक्षराची असते. ११:२५ ला ‘ए’: मिळालं ते घेतो, आणखी काही नको. २३:५५ ला ‘झेड’: नको. आणि २१:२० पेक्षा आधीच्या कुठल्याही आगमन-निर्गमन जोडीसाठी प्रतीक्षायादीत नाव.

कंपन्यांनी नको असलेले उन्हाळी स्लॉट परत करायची मुदत १५ जानेवारी. तोवर बऱ्याच जणांनी अडवून ठेवलेलं सुटतं. परत आलेल्यांच्या यादीत मुंबईचं २०:३५ होतं. आगमनाचं. त्याच्या जोडीचं निर्गमन नव्हतं.